वजनाचा माल आणि नगाचा माल : नाशिकमध्ये जुन्या वस्तूंचा जोडधंदा

प्रश्न असा आहे : सिडकोत राहतो. मिस्टर अंबडच्या एका कंपनीत आहेत, मुलगा अकरावीला आहे. दुपारचे तीन-चार तास माझे मोकळे असतात. एक स्कूटी आहे, जिन्याखाली थोडी जागा आहे आणि हाताशी दहा हजार रुपये आहेत. रद्दी, भंगार, जुन्या वस्तू घेऊन विकल्या तर महिन्याला काही सुटेल का? सासूबाईंचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब भंगारवाल्याने किलोवर मागितलाय, द्यावा का? आणि यात काही कायदेशीर भानगड तर नाही ना?

ताई, सुटेल. पण रद्दी, भंगार, जुन्या वस्तू हा जो क्रम तुम्ही लिहिलाय, तो उलटा करा.

रद्दीचा हिशेब आधी मांडू. सोळा पानी पेपर साधारण ७० ग्रॅम भरतो, म्हणजे एका घराची महिन्याची रद्दी दोन किलो. सोसायटीत ४० घरं धरा, त्यातली ३० पेपर घेतात असं समजू. (हल्ली तेवढीही घेत नाहीत, सगळं मोबाइलवर.) झाली ६० किलो. घेण्या-देण्यात किलोमागे ३ रुपये सुटले तर १८० रुपये. तीस घरांचे जिने चढायचे, गठ्ठे बांधायचे, स्कूटीवर खेपा मारायच्या आणि हातात १८०. हातगाडीवाल्याला हे परवडतं, कारण तो दिवसभर फिरतो आणि रद्दीबरोबर पत्रा, प्लास्टिक, बाटली सगळंच उचलतो. वजनात त्याच्याशी बरोबरी करायला जाऊ नका. आणि एक सांगून ठेवतो, घंटागाडीवरच्या माणसांच्या आणि कचरावेचक बायकांच्या वाटचा माल आपल्याकडे वळवू नका. त्यांचं घर त्यावर चालतं, आपला जोडधंदा आहे.

आमच्याकडे माल दोन प्रकारचा मानतात, वजनाचा आणि नगाचा. काट्यावर टाकला की वजनाचा, गिऱ्हाइकाने हातात घेऊन उलटून पाहिला की नगाचा. लहान भांडवलाच्या माणसाची सगळी कमाई वजनाच्या भावात आलेल्या ढिगातून नग ओळखून बाजूला काढण्यात आहे. उरलेला ढीग संध्याकाळी दुकानदाराला देऊन मोकळं व्हायचं.

मग रद्दी घ्यायचीच कशाला? तर रद्दीच्या निमित्ताने दार उघडतं. रद्दी नेणाऱ्या बाईला लोक हळूच पोटमाळा दाखवतात. ‘हे पण बघा ना, नेता का?’ हे वाक्य ऐकण्यासाठी रद्दी घ्यायची. बोहारणी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्या आहेत. दारात बसायचं, साड्यांचा गठ्ठा सोडायचा, धड असलेली साडी नजरेनेच वेगळी काढायची आणि मग पातेलं द्यायचं की डबा यावर घासाघीस. बाईमाणसाने हा धंदा करावा का, असं कोणी कुजबुजलं तर त्यांना बोहारणींची आठवण करून द्या.

नगात सगळ्यात आधी पुस्तकं. तुमचा मुलगा अकरावीला आहे, म्हणजे घरातच एक जाणकार आहे. बारावी संपली की मे महिन्यात घराघरांतून सायन्सची पुस्तकं, नीट-जेईईचे संच, क्लासच्या नोट्स रद्दीत निघतात. रद्दीच्या भावाने घेतलेलं पुस्तक जूनमध्ये छापील किमतीच्या तिसऱ्या हिश्शाला सहज जातं, स्थिती चांगली असेल तर निम्म्यालाही. घेताना तीन गोष्टी बघा. आवृत्ती कोणत्या वर्षाची, अभ्यासक्रम बदललाय का, आणि आत पेनने उत्तरं भरलीत का. उत्तरं भरलेलं वर्कबुक सरळ वजनात टाका, पेन्सिलीच्या खुणा असतील तर मुलाला खोडरबर घेऊन बसवा. पूर्ण संच एकगठ्ठा विकला तर भाव वेगळा येतो, सुटा विकला तर वेगळा. दहावीपर्यंतची सरकारी पाठ्यपुस्तकं मुळातच स्वस्त असतात, त्यांच्यात वेळ घालवू नका. एमपीएससीची पुस्तकं मात्र बारा महिने चालतात, फक्त चालू घडामोडींचं पुस्तक जुनं झालं की संपलं. विकायची वेळ एप्रिलअखेर ते जून. जुलै उजाडल्यावर तोच संच पुढच्या वर्षीपर्यंत जागा अडवून बसतो, आणि तोवर नवी आवृत्ती आली तर गेला वजनात.

पुस्तकांच्या खालोखाल लहान मुलांच्या सायकली. मूल दोन-अडीच वर्षांत सायकलीपेक्षा मोठं होतं आणि सायकल पार्किंगमध्ये धूळ खात पडते. १६ आणि २० इंची चाकाच्या सायकलींना सतत मागणी असते. पार्किंगमध्ये चक्कर मारली तरी माल दिसेल, मालक शोधायचा आणि विचारायचं. घेताना फ्रेम बघा. वेल्डिंगला चीर असेल किंवा पुढचा फोर्क वाकलेला असेल तर सोडा. टायर-ट्यूब, ब्रेकच्या तारा, छरे आणि ग्रीस, एवढं काम कोणताही सायकलवाला करून देतो. समजा ७०० ला घेतली, ३५० दुरुस्तीला गेले आणि १७०० ला विकली, तर ६५० सुटले. साडेतीन महिन्यांची रद्दी झाली ही, वर दिलेल्या हिशेबाने.

आता बंब. तो किलोवर देऊ नका, निदान दारावर आलेल्या पहिल्या माणसाला तरी नाही. तांब्याचा मोडीचा भाव लोखंडाच्या वीस-पंचवीस पट असतो, त्यामुळे नुसत्या धातूचीच किंमत बरीच निघते. पहिल्यांदा चुंबक लावा. अंगाला चिकटलं तर आत लोखंड आहे; चिकटलं नाही तर लोखंड नाही एवढंच कळतं, तांबं अस्सल आहे हे दुकानदार खरवडून बघेल. जाळी आणि पाय लोखंडी असू शकतात, ते चिकटतील, आणि भंगारवाला त्यांचं वजन वजा करणार हे गृहीत धरा. मग स्कूटीवर घालून भांडी बाजारात न्या, सराफ बाजाराच्या पुढे, आणि दोन-तीन दुकानांत मोडीचा भाव विचारा. ही झाली तळाची किंमत, याच्या खाली यायचं नाही. याच्या वर नगाची किंमत. मधली नळी शाबूत आहे का, तोटी मूळची आहे का, झाकण आहे का, अंगावर नाव कोरलंय का, हे सगळं त्यात धरलं जातं. गंगापूर धरणाच्या बाजूला आणि त्र्यंबक रोडला रिसॉर्ट, जुन्या धाटणीची हॉटेलं, फार्महाऊस झालीत. त्यांना दर्शनी भागात ठेवायला बंब, घंगाळं, हंडे, मोठ्या समया लागतात. फोटो आधी आहे तशा अवस्थेतले काढा. चिंच-मिठाने घासून लखलखीत करायची घाई नको, काही गिऱ्हाइकांना जुनं काळवंडलेलं अंगच हवं असतं. पितळेची पातेली-तपेली कोणी स्वयंपाकाला म्हणून घेत असेल तर कल्हई करून घ्या असं तोंडाने सांगा, कल्हईशिवाय त्यात आंबट शिजवलं तर कळकतं.

सासूबाईंना मात्र एकदा मनापासून विचारा. बंब गेल्यावर घरात धुसफूस झाली तर कुठल्याही भावात महाग पडेल.

मोठ्या वस्तू, म्हणजे कपाट, अभ्यासाचं टेबल, कूलर, कॉट, यांना तुमच्याकडे जागा नाही आणि स्कूटीवर त्या येणार नाहीत. तरी धंदा होतो, तो इसारावर. देवळाली कॅम्पला लष्करातल्या लोकांच्या बदल्या होतात, कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या बाजूला बाहेरगावची मुलं खोल्या घेऊन राहतात आणि परीक्षा संपली की गाव गाठतात. या दोघांनाही सामान चार दिवसांत काढायचं असतं, आणि घाईतल्या माणसाकडेच स्वस्तात मिळतं. वस्तू बघायची, दाबून-हलवून, मागची बाजूही बघायची, भाव ठरवायचा, दोनशे-पाचशे इसार द्यायचा आणि आठवड्याची मुदत घ्यायची. माल त्यांच्याच घरात. तेवढ्यात गिऱ्हाईक शोधायचं आणि टेम्पोचं भाडं गिऱ्हाइकाच्या अंगावर ठेवायचं. ठरल्याप्रमाणे गिऱ्हाईक मिळालं नाही तर इसार गेला, तेवढाच तोटा. दोन्हीकडे तोंडी न ठेवता मोबाइलवर लिहून पाठवा, कोणती वस्तू, किती रुपये, किती तारखेपर्यंत.

लाकडात सागवान ओळखायला शिका. भुश्याच्या फळीचं फर्निचर, कडा फुगलेल्या असतील तर फुकटही घेऊ नका. कूलर घ्यायचा तो पाऊस पडल्यावर आणि विकायचा तो होळीनंतर, पण मधले आठ-नऊ महिने पैसा आणि जागा दोन्ही अडकतात, म्हणून पहिल्या वर्षी नकोच. आणखी एक नाशिकची गोष्ट. गोदावरीला मोठा पूर आला, दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी चढलं, की पुढचे दोन-तीन महिने बाजारात फार स्वस्त फ्रीज, मिक्सर, पाण्याच्या मोटारी दिसतात. गाळ आत गेलेली मोटार वाळवून विकलेली असते. स्क्रूच्या खाचेत बारीक माती दिसली की पुढे चला.

तुमचं माहेर निफाड-दिंडोरीकडचं असेल तर एक मोठा नग तिकडे पडून आहे. द्राक्षबाग मोडताना शेतकऱ्याकडे अँगल, तारा, ठिबकच्या नळ्या निघतात. भंगारवाला ट्रॅक्टर घेऊन येतो आणि सगळं किलोवर नेतो. पण तेच अँगल-तार शेजारच्या तालुक्यात टोमॅटो, कारली, दोडक्याचा मांडव करणाऱ्याला हवे असतात, आणि तो नव्याच्या निम्मा भाव आनंदाने देतो. तुम्हाला ते विकत घ्यायचं नाही, भांडवल पुरणार नाही. दोघांची गाठ घालून द्यायची आणि दलाली घ्यायची, आधी ठरवून. ठिबकच्या नळ्या मात्र वजनाच्याच. छिद्रं बुजलेली नळी कोणी दुसऱ्यांदा अंथरत नाही. टोमॅटोचे आणि द्राक्षांचे क्रेट धड असतील तर नगावर जातात, हंगामाच्या तोंडाशी विशेष.

आता उरलेला ढीग, वजनाचा. इथे पैसा निवडण्यात आहे. मिसळलेला माल नेला की दुकानदार सगळ्यात हलक्या मालाचा भाव लावतो, आणि त्यात त्याची चूक नाही, निवडायची मजुरी त्याला पडते. लोखंड, बीड (म्हणजे ओतीव लोखंड), पत्रा वेगळा. स्टीलला चुंबक लावून बघा. भांड्याचं चांगलं स्टील सहसा चिकटत नाही, चिकटलं तर हलकं धरतात. तांब्याची तार कानशीने जरा खरवडा, आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार, तिला तांब्याचा भाव कोणी देणार नाही आणि तुम्हीही देऊ नका. प्लास्टिकच्या तळाशी त्रिकोणातला आकडा असतो. १ म्हणजे पाण्या-कोल्ड्रिंकच्या बाटलीचं, २ म्हणजे शाम्पू आणि ऑइलच्या डब्यांचं, ५ म्हणजे जेवणाचे डबे, बादल्या. आकडा नसेल तर तुकडा पाण्यात टाका; २, ४ आणि ५ तरंगतात, १ आणि पीव्हीसी बुडतात. कुरकुऱ्यांच्या, बिस्किटांच्या चकचकीत पाकिटांना भाव नाही. थर्माकोलला नाही. कागदात पुठ्ठा, पेपर आणि वह्यांचा पांढरा कागद अशी तीन ढिगं पुरतात. कोऱ्यासारखे स्वच्छ पेपर क्रोकरीवाल्यांना पॅकिंगला जातात, रद्दीपेक्षा बऱ्या भावात. वडापाव-भेळवाल्याला देऊ नका. छापील कागदात खाद्यपदार्थ बांधायला बंदी आहे, शाई पोटात जाते.

जून ते सप्टेंबर कागदाला हात आखडता घ्या. ओल धरलेला पुठ्ठा वजनाला भरतो म्हणून घेताना भरपूर पैसे जातात आणि देताना दुकानदार ओल कापतो.

काट्याबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. ताणकाटा वापरू नका. लहान इलेक्ट्रॉनिक काटा घ्या आणि वजनमापे खात्याकडून, म्हणजे वैधमापनशास्त्र विभागाकडून, त्यावर मुद्रांकन करून घ्या. ते दरवर्षी करावं लागतं. गिऱ्हाइकासमोर एक लिटर पाण्याची सीलबंद बाटली काट्यावर ठेवून दाखवा. एक किलो आणि वर बाटलीचे पंधरा-वीस-पंचवीस ग्रॅम यायला हवेत. बायका एकमेकींना हे सांगतात, आणि पुढच्या महिन्यात शेजारच्या विंगमधून फोन येतो. भंगाराच्या दुकानात माल देतानाही हीच बाटली पर्समध्ये असू द्या. दुकानदार हसेल, पण काटा नीट ठेवेल.

भाव रोज हलतो. लोखंडाचा भाव जालन्याच्या स्टील कारखान्यांच्या मागणीवर बराच अवलंबून असतो, तिथल्या भट्ट्यांना भंगारच लागतं. तांबं-पितळ जागतिक बाजाराबरोबर वर-खाली होतं. ‘तांबं वाढणार आहे, साठवून ठेवा’ असं सांगणारे भेटतील. दहा हजारांच्या भांडवलात साठवणूक करायची नसते, दर आठवड्याला माल मोकळा व्हायला हवा. धातूच्या भावात घासाघीस करताना एवढं लक्षात ठेवा की १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या माणसाकडून धातूचं भंगार घेतलं तर जीएसटी भरायची जबाबदारी घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यावर आली आहे. तो ‘कटकट वाढली’ म्हणून भाव पाडून सांगतो. थोडं खरं असतं, थोडं निमित्त. त्याने भरलेल्या कराची वजावट त्याला पुढे मिळू शकते, तेव्हा दुसऱ्या दुकानात विचारून मगच द्या.

हात लावू नये अशाही वस्तू आहेत. बंद पडलेले टीव्ही, संगणक, मोबाइल, मिक्सर फोडून तांबं काढण्याच्या भानगडीत पडू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे ते काम नोंदणी असलेल्यांचंच. चालू स्थितीतला मिक्सर वस्तू म्हणून विकणं वेगळं. वायर जाळून तांबं काढणं तर अजिबात नाही. त्या धुरात काय काय असतं हे कळलं तर शेजाऱ्यांनी दगड मारले तरी त्यांची बाजू बरोबर ठरेल. इन्व्हर्टरच्या आणि गाडीच्या बॅटऱ्या जिन्याखाली ठेवू नका, आत शिसं आणि अ‍ॅसिड असतं. नवी बॅटरी घेताना दुकानदार जुनी परत घेतो, लोकांना तो रस्ता दाखवा. सातपूर-अंबडकडून येणारे निळे ड्रम पाण्यासाठी म्हणून विकू नका, आधी आत कोणतं रसायन होतं हे तुम्हाला कोणी खरं सांगणार नाही. गॅस सिलिंडर, दवाखान्यातलं काहीही, नको.

कायद्याची खरी भानगड चोरीच्या मालात आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ चोरीचा माल घेणाऱ्यासाठी आहे. चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला सबळ कारण असून घेतला, तर घेणाराही गुन्हेगार. बाजारभावाच्या निम्म्यात नवं कोरं तांबं घेऊन एखादा पोरगा आला, तर ‘सबळ कारण’ तेच. केबलचे तुकडे, गटाराचं झाकण, नळाच्या पितळी तोट्यांचा ढीग, पाण्याचे मीटर, यांना दारातूनच परत पाठवा. मिस्टरांच्या कंपनीतलं भंगार, अगदी सुपरवायझर ‘न्या हो’ म्हणाला तरी, घरात येता कामा नये. कंपन्यांचं भंगार ठरलेल्या ठेकेदाराला जातं आणि गेटवर त्याची नोंद असते. जुना मोबाइल घ्यायचाच असेल तर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून पंधरा आकडी क्रमांक काढा आणि सरकारच्या ‘संचार साथी’वर तपासा, चोरीला गेलेला म्हणून बंद केलेला असेल तर तिथे कळतं. मी म्हणेन, मोबाइल घेऊच नका. एक वही मात्र ठेवा. तारीख, वस्तू, कोणाकडून, फोन नंबर, किती रुपये. महागाची वस्तू असेल तर देणाऱ्याची सही. हीच वही पुढे इन्कम टॅक्सच्या वेळी कामी येते.

जागेचं म्हणाल तर जिन्याखाली माल साठवू नका. जिना ही आग लागल्यावर पळायची वाट आहे, रद्दीचे गठ्ठे तिथे असणं धोक्याचं, आणि सोसायटीचा एक अर्ज गेला की धंदा बंद. २०१७ च्या जानेवारीत महापालिकेने अंबड लिंक रोडचा अख्खा भंगार बाजार हटवला, तिथे तर मोठमोठे व्यापारी होते. घरातली एक बाल्कनी पुस्तकांना, पार्किंगमधली तुमचीच जागा दोन सायकलींना, आणि वजनाचा माल त्याच दिवशी दुकानात.

दहा हजारांपैकी सहा हजारच फिरवा. काटा आणि मुद्रांकन, थोडी दुरुस्तीची हत्यारं आणि पेट्रोल यात हजार-दीड हजार जातील, उरलेले अडीअडचणीला. पहिल्या वर्षी महिन्याला दोन-तीन हजारांच्या वर आशा धरू नका. जूनमध्ये पुस्तकांवर आणि नवरात्राच्या तोंडापासून दिवाळीपर्यंतच्या साफसफाईच्या दिवसांत त्याहून बरं सुटेल, श्रावण-भाद्रपदात जवळजवळ काहीच नाही. नवरात्राच्या आधीच सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाका, कारण घटस्थापनेला घरं आवरून झालेली असतात आणि माळ्यावरचं तोवर हातगाडीवर गेलेलं असतं.

कागदपत्रांचं फार दडपण घेऊ नका. वस्तूंच्या धंद्यात वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. मोजकीच माणसं कामाला असतील तर दुकान-आस्थापना कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, तीही दुकान टाकलं तर. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर घरबसल्या होते, सरकारी संकेतस्थळावर फुकट. त्यासाठी कोणी हजार-दोन हजार मागत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका, मुलाला सांगा, अर्ध्या तासात भरून देईल.